त्रेसष्ट नंबर आत

१

मी म्हाळू. म्हाळू सांगतोय आन् खरं सांगतोय असं म्हनलं तर अर्धा शिरूर तालुका हसंल. हसू द्या. मला ज्यांचं उपकार मानायचेत त्यांच्यापरेंत पोचलं म्हंजी झालं.

न्हावऱ्याच्या फुडं, दौंडाकडं जाताना रोडलाच दुधाचा प्लँट हाय. तिथं मी एकतीस वर्सं हाय. आधी गेटवर व्हतो, मंग कंप्युटरच्या खोलीत शिपाई. वय झालं तरी सायबांनी ठिवलंय. माझं काम सोपं. दुपारी तीनला लोन्याच्या खात्याची पाळी सुटती, तवा कंप्युटर एक यादी काढतो. आत अजून कोन कोन राहिलंय त्याची. ती फाडायची आन् सुपरवायझर नवनाथला न्यून द्यायची. खाली शून्य आलं की नवनाथ थंड्या खोलीला कुलूप घालतो. शून्य न्हाई आलं तर थांबतो.

माझी शाळा दुसरी. यादीतली नावं विंग्रजी, ती मला येत न्हाईत. आकडे येत्यात. ते मला सुवर्णाबाईनं शिकवलं.

सुवर्णाबाई दौंडची. रोज यष्टीनं यायची. ह्या यादीचा प्रोग्रॅम तिनंच लिवलेला. तिच्या प्रिंटरात मी एकदा रबराची पाल ठिवली. ती वरडली न्हाई का काय न्हाई. दुसऱ्या दिशी यादी आली तर माझाच एकवीस नंबर दीडशे येळा छापलेला. म्हनली, "म्हाळू, आज तू दीडशे मानसं आत हायस. समद्यांना भाईर काढ, मंग घरी जा." गेटापरेंत मला वरात काढल्यावानी चिडवत नेलं बायांनी.

कंप्युटरच्या खोलीत एसी असा की दात वाजायचे. म्हनून तिनं, जर्किनं देती-घेती त्या मालनबाईच्या खिडकीतनं थंड्या खोलीचं निळं जर्किन घेतलं. तिच्या बिल्ल्याचाच नंबर त्यावर, त्रेसष्ट.

आठ वर्सांमागं ती खुर्चीतच कोसळली. अँब्युलन्सला गेट मीच उघडलं. परत काय आली न्हाई.

२

औंदा पुण्यावनं ज्ञानेश नावाचा इंजिनेर आला. पस्तिशीचा, अंगानं काडी, पर बोलायला गोड. आमचा कंप्युटर म्हंजी टेबलावरचा न्हवं. कपाटाएवढा, काळा, मधल्या आकाराचा. त्याच्या आतला समदा कारभार बघणारी जी सिस्टम असती तिची नवी रिलीज आली व्हती. जुनी काढून नवी घालायची, आन् आपले जुने प्रोग्रॅम नव्यावर चालत्यात का एकेक बघायचं, हे त्याचं काम.

मी चा घिऊन गेलो तर डोकं धरून बसलेला.

"काय झालं सायेब? बायकूचा फोन का?"

"तुमच्या यादीचा प्रोग्रॅम, आबा. बाकी तीनशे चाळीस चढले. हा एक चढत नाही."

"त्याला काय जिना हाय व्हय चढायला?"

हसला. मंग म्हनला, "तुमची शेती आहे ना?"

"निमोन्याला दीड एकर. डाळिंब."

"मग मोठं झाड उपटून दुसऱ्या रानात नेता का?"

"जगत न्हाई ते. फांदीला गुटी बांधायची, तिला मुळ्या फुटल्या की ती न्यायची."

"तसंच. मॅडमनी हाताने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम असता, तर ती माझी गुटी. नव्या रानात नवीन झाड केलं असतं. तो कुठंच सापडत नाही. प्रोग्रॅमच्या पोटात काही खुणा असतात, त्यावरून मशीन स्वतः बदल करून घेतं. पण त्या वेळी जागा कमी होती म्हणून मॅडमनी खुणापण पुसल्यात."

"म्हंजी मेला?"

"जुन्या रिलीजवर जिवंत. नव्यावर मेला. काळजी नको, मी नवा लिहिलाय. आत आल्याचं पंचिंग, बाहेर गेल्याचं पंचिंग, वजाबाकी. चाळीस ओळी."

"बाईचा केवढा व्हता?"

त्यानं स्क्रीनवर बघितलं. "बराच मोठा. कशाला एवढा, काय कळत नाही."

मी कप उचलला. बाईच्या हातचं तेवढंच तर राहिलं व्हतं प्लँटात.

३

ज्ञानेशनं जुने प्रोग्रॅम तपासायला घेतले त्या सोमवारपासनं यादी चुकाया लागली.

तीनला प्रिंटर वाजला. खर्र, खट, खर्र. मी कागद फाडला. खाली शून्य यायचं तिथं एक. आन् वर एकच वळ, नंबर त्रेसष्ट.

मी ती तशीच नवनाथकडं नेली. त्यो खवळला.

"आबा, मेलेल्या मानसाची चेष्टा करता व्हय?"

"मी न्हाई रं केलं."

"गेल्या आठवड्यात बिबट्या आलाय म्हनून मला बाथरूमात कोंडलं, तेबी तुम्ही न्हवतंच!"

"ते मीच. हे मी न्हाई."

त्याचं बरुबर हाय. माझं त्वांडच असं, की खरं बोललं तरी गालात हसतंय.

ज्ञानेशनं बघितलं. म्हनला, "मी चाचणीसाठी जुनी टेप उतरवलीय. त्यातून मॅडमचा नंबर परत जिवंत झाला असणार. काढून टाकतो." काढला. माझ्याम्होरं काढला.

मंगळवारी तीनला परत त्रेसष्ट. बुधवारी बी. नवनाथ बिचारा रोज थंड्या खोलीत जाऊन बघून यायचा आन् मंग कुलूप लावायचा. येताना माझ्याकडं असा बघायचा, जसं काय मी त्याचं डबडं चोरलंय.

४

मी शाना मानूस न्हाई, पर भोळाबी न्हाई. लोकांना भ्या दाखवायचा धंदा मी जन्मभर केला. भुतं मीच उभी केली, चादरी घालून, मडकी लावून. त्यामुळं मला पैला संशव मानसावरच. कोनतरी माझंच औषीध मला पाजतंय, मी म्हनलो.

म्हनून गुरुवारी सकाळी मी एकटाच कंप्युटरच्या खोलीत बसलो. उन वर आलेलं, खिडकीतनं फरशीवर पडलेलं. एसी घुमत व्हता. कपाटातला पंखा एका सुरात. दार मी आतनं लावलं. बसलो स्टुलावर, डोळा न हलवता.

अर्धा तास काय न्हाई. मंग मी कीबोर्ड पुसाया घेतला, रोजच्यावानी. फडकं फिरवलं तर ओलं झालं. मोजकीच बटनं ओली. लोन्याचं खोकं भाईर काढल्यावर त्यावर कसं दव धरतं, तसं. मी बोट ठिवलं. बटन गारढोण. बाजूचं बटन कोरडं.

एसीचं पानी गळत आसंल म्हनून वर बघितलं. छत सुकं व्हतं.

मी फडकं पिळलं न्हाई. तसंच खिशात घालून भाईर आलो. कुनाला सांगायचं? आन् सांगितलं आस्तं तर कोन आयकनार व्हतं!

५

शनिवारी बदल करायचा ठरला. पाळी तीनला सुटली की समद्या प्लँटाची लाईट बंद करून वायरिंगचंबी काम उरकायचं. कंप्युटर तेवढा बॅटरीवर. ज्ञानेशनं दुपारीच नवी रिलीज चढवली. बाईचा प्रोग्रॅम पुसला. जुना प्रिंटर मी सोता काढला, त्याची वायर त्याच्याच पायाला गुंडाळली आन् भाईर व्हरांड्यात भंगाराच्या ढिगाला लावून ठिवला. नव्या छोट्या प्रिंटरातनं पांढरा कागद आला. गुळगुळीत. शून्य.

"बघा आबा, भूत गेलं," ज्ञानेश म्हनला.

नवनाथनं तीन पाचला थंड्या खोलीला कुलूप घातलं. लाईट गेली. एसी थांबला. एकतीस वर्सांत त्या प्लँटात एवढी शांतता मी आयकली न्हवती.

माझी सून माया त्याच लोन्याच्या खात्यात. नंबर चारशे सतरा. लेकानं संसार टाकून दिला, पोरीनं न्हाई टाकला. तीच घर वढती, तीच मला मामा मामा म्हनत भाकरी घालती, आन् माझी थट्टा बिनतक्रार सोसती. शनिवारी ती खात्यातल्या शितलसंगं निमोन्याच्या टेम्पोनं जाती. मी मागनं माझ्या गाडीवर. मला वाटलं, गेली.

साडेतीन वाजले आसतील. मी डबा घासत व्हतो. तवा व्हरांड्यात वाजलं.

खर्र. खट. खर्र.

मला आधी हसूच आलं. वाटलं, ज्ञानेश पक्का निघाला, जाता जाता मला बनवतोय. मी पाय न वाजवता गेलो, त्याला रंगेहात धराया. व्हरांड्यात कुनी न्हाई. ज्ञानेश आत खोलीत, पाठ माझ्याकडं, फोनवर बोलत. प्रिंटर भंगारात. वायर पायाला गुंडाळलेली, मीच मारलेली गाठ तशीच.

डोकं फिरत व्हतं त्याचं. ह्या टोकाहून त्या टोकाला. कागद वर येत व्हता.

दोन वळी. त्रेसष्ट. चारशे सतरा. खाली आकडा, दोन.

६

नवनाथ गाडीला किक मारत व्हता.

"कुलूप उघड. माया आत हाय."

"आबा, आजबी? शनिवार हाय, घरी पावनं आल्यात."

"आरं, माझी सून हाय!"

"नवी यादी शून्य हाय. तिचं भाईरचं पंचिंग हाय. मी सोता बघितलं."

मी कागद त्याच्या नाकाला लावला. त्यो म्हनला, "ह्यो जुन्या प्रिंटरचा कागद. कुठनं फाडून आनला?"

मी मायाला फोन लावला, तर लोन्याच्या खात्यात फोन लॉकरात ठिवत्यात. मंग शितलला लावला. टेम्पोचा आवाज येत व्हता.

"शितल, माया हाय का तुझ्यासंगं?"

"न्हाई आबा. तुमच्या गाडीवर येनार म्हनली."

"मला न्हाई म्हनली. तिचं पंचिंग कुनी केलं?"

टेम्पोचा हॉर्न वाजला. "तिनंच केलं की."

मला ठावं हाय काय चालतं ते. टेम्पो तीन धाला सुटतो, थांबत न्हाई. म्हनून एकजण फुडं पळती आन् पाचसाजणींची कार्डं मारती. घावली तर नोकरी जाती.

"शितल, पोरी, तुझ्या पाया पडतो. मी थट्टा करत न्हाई. खरं सांग. तुझं नाव कुठं येऊ देत न्हाई."

ती रडाया लागली. "मीच मारलं, आबा. ती एका खोक्याचं लेबल बदलाया परत आत गेलती. म्हनली, तू जा, मी मामासंगं येते..."

फोनचा आवाज मोठा व्हता. नवनाथनं आयकलं. गाडी तशीच पडू दिली त्यानं.

दाराला आतनं ढकलायचा दांडा असतो, त्यो बर्फानं धरला व्हता. धोक्याची घंटा लाईटवर, लाईट बंद. आत उने अठरा. नवनाथला किल्ली बसंना. मी त्याच्या हाताला धरून बसवली.

दार उघडलं. धुकं पायावर आलं. नवनाथनं मोबाईलची बॅटरी मारली. माया दुसऱ्या रांगंत खोक्यांना टेकून बसलेली. व्हट निळे. डोळे उघडे.

"मामा," म्हनली. "लई येळ लावला."

नवनाथनं तिला उचललं. तवा मला दिसलं, तिच्या अंगावर दोन जर्किनं व्हती. आतलं तिचं. वरचं जुनं, निळं, फिकाटलेलं. पाठीवर त्रेसष्ट.

मालनबाई अजूनबी सांगती, ते जर्किन आतच कुठंतर खिळ्याला राहिलं आसंल आठ वर्सं, पोरीला घावलं. समद्यांना पटलं. पर अँब्युलन्सला गेट मी उघडलं व्हतं. स्ट्रेचर माझ्याम्होरनं गेलं. ते जर्किन सुवर्णाबाईच्या अंगावर व्हतं. मीच त्याची चेन वर वढली व्हती, गार लागू न्हाई म्हनून.

नवनाथ मायाला घिऊन भाईर पळाला. बॅटरी त्याच्याच हातात. मला बी जायचं व्हतं, पर मान वळली. दारातनं जेवढा उजेड येत व्हता तेवढाच. शेवटच्या रांगंला एक बाई पाठमोरी चालत आत जात व्हती. अंगावर नुसती सुती साडी. दोन्ही हात काखंत घातलेले, थंडी वाजती तसे.

मी हात जोडलं आन् भाईर आलो.

७

मायाला उनात बसवलं. गेटावर थांबलेल्या बायकांनी तिचे हातपाय घासले, मंग नवनाथच्या वळखीच्या गाडीतनं शिरूरच्या दवाखान्यात. चार दिसांत घरी आली. डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून समजत न्हाई, बाकी ठणठणीत. आत काय झालं ते एकदाच बोलली. "कुनीतर सारखं माझा नंबर इचारत व्हतं, मामा. झोप लागली की इचारायचं. नंबर सांग, नंबर सांग. मी सांगायची."

ज्ञानेशचं उपकार मी कसं फेडू. दुसरा कुनी असता तर हात झटकून पुन्याला गेला असता. त्यो सोमवारी परत आला. जुनी सिस्टम एका बाजूच्या मशीनवर उभी केली, बाईचा प्रोग्रॅम टेपवरनं त्यावर घातला आन् मला, मालनबाईला शेजारी बसवलं. असं कार्ड मारलं तर काय म्हनतो, तसं मारलं तर काय म्हनतो. चार दिस. चौथ्या दिशी त्याला घावलं.

"आबा, ह्या प्रोग्रॅमला पंचिंगवर विश्वासच नाही. जर्किन मालनबाईंच्या खिडकीत जमा झालं, तरच माणूस बाहेर. म्हणून एवढा मोठा आहे."

"बाईला ठावं व्हतं," मालनबाई म्हनली. "ह्या बाया एकमेकींची कार्डं मारत्यात ते. कुनाचं नाव न सांगता तिनं बंदोबस्त केला."

ज्ञानेशनं आपल्या चाळीस ओळी स्क्रीनवर काढल्या. मंग म्हनला, "आणि मी ते चाळीस ओळींत उडवलं." त्याच्या डोळ्यात पानी आलं. मी त्याच्या चात मीठ टाकायचं ठरवलं व्हतं, ते त्या दिशी न्हाई टाकलं.

त्यानं नवा प्रोग्रॅम लिवला, नव्या रिलीजसाठी, बाईच्या समद्या नेमासकट. आता सिस्टमला कसलाबी नवा बदल आला की पुन्यावनं सोता येतो. समद्यात आधी हीच यादी तपासतो. एक कार्ड मारतो, जर्किन जमा करत न्हाई, आन् बघतो कंप्युटर त्या मानसाला आत धरतो का.

पैल्या दिशी त्या नव्या यादीत खाली आलं, एक. वर त्रेसष्ट.

ते जर्किन तर मालनबाईनं जमा केलं व्हतं. वहीत सई हाय. आन् ज्ञानेशनं नव्या प्रोग्रॅमात त्रेसष्ट नंबर घातलाच न्हवता. त्यानं तीनदा बघितलं. मंग खुर्ची माझ्याकडं वळवली.

"आबा, एक ओळ टाकतो. हा नंबर कधीच छापायचा नाही. टाकू?"

"जड व्हतोय का मशीनला?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या."

त्यानं कीबोर्डावरनं हात काढले आन् प्यांटीला पुसले.

आता नवनाथबी नुसत्या कागदावर कुलूप घालत न्हाई. रोज तीनला दार उघडून आत वरडतो, "आत कुनी हाय का?" मी यादी घिऊन मागं उभा असतो. माया, शितल, समद्या बाया बी थांबत्यात, टेम्पो गेला तर गेला. नवनाथ मला इचारतो, "काय आबा, किती आत?"

"एक हाय की," मी म्हनतो.

समद्या हसत्यात. नवनाथबी हसतो आता.

काल त्यो असाच वरडला, आन् आतनं बारीक आवाज आला. शितल म्हनली, आवाज घुमतोय. एकतीस वर्सं त्या खोलीत मी वरडलोय, गानी म्हनलोय, बिबट्या झालोय. तिथं आवाज घुमत न्हाई. लोन्याची खोकी समदा गिळत्यात.

माया माझ्या शेजारी व्हती. ती हसली न्हाई. तिनं माझी बाही धरली, आन् दार लागायच्या आत, हळूच, आतल्या अंधाराकडं बघून आपला नंबर सांगितला.